नोकरी सोडून परदेशात राहून स्वतःचं काम करायचंय? मग कुठल्या क्रमाने काय करायचं ते सविस्तर

ओळखीतले बरेच जण विचारतात की थायलंडला किंवा पोर्तुगालला राहून लॅपटॉपवर काम करतात तसं आपल्याला जमेल का, आणि लगेच पुढचा प्रश्न असतो व्हिसाचा. व्हिसा हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, कारण त्याचे नियम लिहिलेले असतात, कागद जमवले की काम होतं. अवघड भाग आहे तो इथे पुण्यात, मुंबईत, नाशकात बसून करायचा. तुमचं काम आणि तुमची कमाई ऑफिसच्या गेटपासून सुटी करायची. ती एकदा सुटी झाली की तुम्ही कोथरूडला बसा नाहीतर थायलंडमधल्या चियांग मायला, क्लायंटला काही फरक पडत नाही. पण लोक नेमकं उलटं करतात, आधी राजीनामा, मग तिकीट, मग तिथे जाऊन काम शोधायचं, आणि मग पैसे संपत आले की मिळेल त्या भावात मिळेल ते काम घेतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा, आणि शक्यतो त्याच क्रमाने करा.

आधी बघा नक्की काय नकोय

कंटाळा कामाचा आहे, की मॅनेजरचा, की रोजच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकचा? कारण टेस्टिंगचाच वीट आला असेल तर तेच टेस्टिंग थायलंडमध्ये बसून केल्याने ते आवडायला लागणार नाही, उलट तिथे सोबतीला टीमसुद्धा नसणार. आणि काम ठीक आहे पण ऑफिस नको असं असेल तर सगळं सोडायच्या आधी रिमोट नोकरी शोधून बघा. बाहेरच्या कंपन्या डील (Deel) किंवा रिमोट (Remote) अशा नावांच्या मधल्या कंपन्यांमार्फत भारतातल्या माणसाला रीतसर पगारावर ठेवतात. फक्त अशा नोकरीत भारताबाहेर राहून काम करायला चालेल का हे लेखी विचारून घ्या, बऱ्याचदा चालत नाही.

विकायचं काय ते ठरवा

"मला ८ वर्षांचा आयटीतला अनुभव आहे" हे कोणी विकत घेत नाही हो. बाहेरचा छोटा धंदेवाला त्याच्या डोक्याला झालेला एखादा त्रास घालवायचे पैसे देतो. म्हणजे मॅन्युअल टेस्टर असाल तर आधी प्लेराइट किंवा सायप्रेससारखं टेस्ट आपोआप चालवणारं एखादं टूल नीट शिका, आणि मग सांगायचं ते असं की तुमच्या वेबसाइटवर खरेदीपासून पेमेंटपर्यंतचा सगळा मार्ग रोज रात्री आपोआप तपासला जाईल आणि सकाळी तुम्ही ऑफिसला यायच्या आत रिपोर्ट मेलवर असेल. हे वाक्य वाचून समोरच्याला कळतं की पैसे कशाचे द्यायचेत.

आयटीच पाहिजे असंही काही नाही. बीकॉम, सीए इंटर झालेली मंडळी झीरो (Xero) आणि क्विकबुक्स ही हिशोबाची सॉफ्टवेअर शिकून ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या छोट्या अकाउंटंट फर्मचं बुककीपिंग करतात. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकलेल्यांची कमी नाही, त्यांनी नुसतं भाषांतर म्हणून न विकता मशिनरीची मॅन्युअल्स, ऑटो पार्ट्सची कागदपत्रं असा विषय धरला तर मशीन ट्रान्सलेशन आल्यावरही काम राहतं, कारण चुकलेल्या मॅन्युअलची जबाबदारी घेणारा माणूस कंपनीला लागतोच. सपोर्टमध्ये वर्षानुवर्षं ग्राहकांच्या त्याच तक्रारी सोडवलेला माणूस हेल्प डॉक्युमेंटेशन फार छान लिहू शकतो, कारण लोक कुठे अडकतात हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुमच्या सध्याच्या कंटाळवाण्या नोकरीतच विकण्यासारखं काहीतरी असतं, ते सोडून एकदम डिजिटल मार्केटिंगचा कोर्स लावायची घाई करू नका.

मग दोन-तीन नमुने बनवा. कंपनीचं काम दाखवता येत नाही, दाखवूही नका. एखादं ओपन सोर्स ॲप घ्या, त्याच्या टेस्ट लिहा, गिटहबला टाका आणि काय सापडलं ते एका पानात साध्या इंग्रजीत लिहा. तेवढा पोर्टफोलिओ सुरुवातीला पुरतो.

पहिला क्लायंट नोकरीत असतानाच

ऑफर लेटर आणि कंपनीची पॉलिसी काढून वाचा. बहुतेक आयटी कंपन्यांमध्ये दुसरं पैशाचं काम परवानगीशिवाय चालत नाही आणि मूनलायटिंगवरून लोकांना काढलेलंही आहे. त्यामुळे लेखी परवानगी मिळत असेल तर घ्या, नसेल तर नोकरीत असताना नमुने, ओळखी, बोलणी इथपर्यंतच थांबा आणि प्रत्यक्ष पैशाचं काम शेवटच्या दिवसानंतर सुरू करा. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचा मेल या कामाला कधीच वापरू नका. एक भीती मात्र काढून टाका. नोकरी सोडल्यावर तुम्ही त्याच क्षेत्रात काम करायचं नाही असं बाँडमध्ये लिहिलेलं असतं, पण भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरीनंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. कंपनीची गुपितं किंवा कोड घेऊन जाणं हा वेगळा विषय, ते करायचंच नाही.

क्लायंट शोधायला अपवर्कसारखे प्लॅटफॉर्म आहेत पण तिथे कमिशन जातं आणि भावाची मारामारी फार. सोबत थेट मेलही पाठवा. १५-२० माणसांच्या प्रॉडक्ट कंपन्या शोधा, त्यांचं ॲप स्वतः अर्धा तास वापरा, एखादी खरी अडचण सापडली की तिचा स्क्रीनशॉट, ती कशी घडते त्याच्या तीन ओळी, आणि शेवटी "असं दर आठवड्याला तपासून देऊ शकतो, २० मिनिटं बोलूया का" एवढंच. नमस्कारानंतर आपली जन्मकुंडली नको. बरेच जण उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांनी तुमचं काम आधीच बघितलेलं असतं, त्यामुळे बोलणं भावापाशी न अडकता कामावर येतं. जुने सहकारी जे आता बाहेर स्थायिक झालेत त्यांनाही सांगून ठेवा, पहिलं काम पुष्कळदा तिथूनच येतं.

भाव किती लावायचा

पगाराला तासांनी भागून भाव काढू नका. समजा आज १२ लाख सीटीसी आहे. फ्रीलान्समध्ये वर्षाला बिल करता येतील असे तास हजाराच्या आसपासच धरा, बाकी वेळ काम शोधणं, मेल, हिशोब यात जातो. १२ लाखांवर विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, रिकामे महिने यांचे ३ लाख धरले तर १५ लाख भागिले हजार, म्हणजे तासाला १,५०० रुपये, त्याचे डॉलर त्या दिवशीच्या दराने काढा. हा तुमचा तळ झाला, भाव याच्या वरच सांगायचा. आणि शक्य असेल तिथे तासाऐवजी महिन्याचं ठरलेलं काम, ठरलेली रक्कम असं करा. थायलंडचं भाडं महिन्याला जातं, त्यामुळे येणारे पैसेही महिन्याला आलेले बरे.

पैसे येण्याची वाट

इनव्हॉइसवर नंबर, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, क्लायंटचं नाव-पत्ता, काय काम केलं त्याची एक ओळ, रक्कम कुठल्या चलनात आणि किती दिवसांत द्यायची ते, एवढं पाहिजेच. नव्या क्लायंटकडून अर्धे पैसे आधी घ्या, यात लाजायचं काही नाही. अमेरिकन क्लायंट बहुतेक वेळा डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागतो. घाबरू नका, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं, आणि काम अमेरिकेबाहेर बसून केलेलं असलं की त्या कमाईवर तिथे टॅक्स कापायचं कारण राहत नाही.

पैसे स्विफ्टने, म्हणजे बँकेतून बँकेत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरने, थेट बँकेत, किंवा पेओनियर, वाइज, पेपाल अशा मार्गाने येतात. पेपाल सोयीचं आहे पण फी आणि कन्व्हर्जन मिळून चार टक्क्यांच्या वर जातात, मोठ्या रकमेला ते परवडत नाही. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, विचारते, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२ चालतो. प्रत्येक पेमेंटची परकीय चलन आल्याची पावती, म्हणजे एफआयआरए, मागून फोल्डरमध्ये ठेवा. ती जीएसटीलाही लागते आणि पुढे व्हिसाला कमाई दाखवायलाही. जीएसटीचं थोडक्यात असं की सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन लागतं, पण बाहेरच्या क्लायंटचं काम एक्स्पोर्टमध्ये धरतात, त्यामुळे दर आर्थिक वर्षाला एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग नावाचं हमीपत्र) भरलं की १८ टक्के लावावे लागत नाहीत.

राजीनामा कधी

माझं स्पष्ट मत, दोन क्लायंटचं काम लेखी पक्कं झालेलं आणि घरखर्चाचे सहा महिने बाजूला असल्याशिवाय कागद टाकू नका. एका क्लायंटवर सोडलेली नोकरी म्हणजे पुन्हा एकच मॅनेजर, फक्त यावेळी नोटीस पिरियडशिवाय.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तो शाप समजू नका, बरीच कामं याच काळात होतात. क्रेडिट कार्ड आणि लागणारं एखादं कर्ज पगाराच्या स्लिप असतानाच घ्या, फ्रीलान्सरला बँका दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून त्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत पोर्ट करता येतं का ते एचआरकडून करून घ्या, म्हणजे वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. आई-बाबा कंपनीच्या पॉलिसीत असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, साठीनंतर नवी पॉलिसी महाग पडते आणि आधीच्या आजारांना थांबायला लागतं ते वेगळंच. पीएफ काढू नका, पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. ग्रॅच्युइटीला थोडेच महिने कमी पडत असतील तर तेवढे थांबा. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा पर्सनल मेलवर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

देश कुठला

परदेशात राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी जे डिजिटल नोमॅड व्हिसे असतात ते भारतीय पासपोर्टवर सगळेच मिळत नाहीत, जपानच्या यादीत तर भारत नाहीच. जे मिळतात त्यांच्यात कमाईची अट बघून निवडा. दुबईच्या एक वर्षाच्या रिमोट वर्क व्हिसाला महिना ३,५०० डॉलर दाखवावे लागतात. पोर्तुगालच्या डी८ नावाच्या व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार युरोच्या आसपास, आणि किमान वेतन वाढलं की आकडाही वाढतो. एस्टोनियाचा त्याच्याही वर, ४,५०० युरो (एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे राहायचा परवाना नाही, त्यात फसू नका). मलेशियाचा डीई रांताऊ नावाचा नोमॅड पास २०२२ मध्ये सुरू झाला, टेक कामाला वर्षाला २४,००० डॉलर लागतात.

सुरुवात करणाऱ्याला मला थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, सगळ्यात योग्य वाटतो. जुलै २०२४ पासून सुरू आहे, पाच वर्षांचा, कितीही वेळा आत-बाहेर, एका एंट्रीला १८० दिवस. महिन्याच्या कमाईचा आकडा ठरवून दिलेला नाही, पण बँकेत ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे १४ लाख रुपयांच्या आसपास. हे पैसे खर्चाचे नाहीत, दाखवायचे आहेत, त्यामुळे वर सांगितलेले सहा महिन्यांचे पैसे यात मोजू नका. आदल्या आठवड्यात मामाने खात्यात टाकलेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते, म्हणून रक्कम काही महिने खात्यात राहू द्या. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा, ऑनलाइन ई-व्हिसाच्या साइटवर, महाराष्ट्रातल्यांचा अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातो. पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, क्लायंटबरोबरची काँट्रॅक्ट, इनव्हॉइस, पोर्टफोलिओ असं लागतं. फ्रीलान्सरचे अर्ज अडकतात ते काँट्रॅक्टपाशी, कारण व्हॉट्सॲपवर ठरलेलं काम कागदावर नसतं. म्हणून प्रत्येक क्लायंटकडून एका पानाचं सहीचं पत्र घ्या ज्यात तुम्ही रिमोट काम करता, कधीपासून आणि साधारण किती रकमेचं, हे लिहिलेलं असेल. फी मूळ १०,००० बाट धरलेली आहे, भारतात ती रुपयांत लावतात, अर्ज करायच्या दिवशीचा आकडा साइटवर बघा. आणि या व्हिसावर थाई कंपनीचं काम घेता येत नाही, त्याला वेगळं वर्क परमिट लागतं.

युरोपकडे जायचं असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) आणि अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लागतं. पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, अपॉस्टिल परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि डिग्रीच्या कागदांना त्याआधी राज्य सरकारचा शिक्का, त्यामुळे हे काम निघायच्या आदल्या महिन्यावर ठेवू नका.

टॅक्स, इथे घाई करू नका

परदेशात राहिलो की भारतात टॅक्स नाही, असं फार लोक धरून चालतात. तसं नाहीये. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात असाल तर तुम्ही रेसिडेंट, मग जगातली सगळी कमाई भारतात दाखवायची. १ एप्रिलपासून मोजलं तर सप्टेंबरच्या शेवटी १८२ भरतात, म्हणजे ऑक्टोबरमध्ये निघालेला माणूस त्या वर्षी रेसिडेंटच असतो. याशिवाय ६० दिवसांचाही एक नियम आहे, तो तुम्हाला लागतो की नाही हे तुम्ही कशासाठी गेलात यावर ठरतं, ते सीएला विचारा. आणि नॉन-रेसिडेंट झालात तरी क्लायंटचे पैसे थेट भारतातल्या खात्यात येत असतील तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न धरून टॅक्स लागू शकतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आणि दुसऱ्या कुठल्याच देशात करदाते नाही, अशा भारतीय नागरिकाला तर कायदा रेसिडेंटच मानतो.

म्हणून माझं सांगणं असं की पहिली एक-दोन वर्षं मुकाट्याने भारताचे रेसिडेंट करदाते म्हणूनच राहा, ते बहुतेकांना स्वस्तही पडतं. इंजिनिअरिंग, टेक्निकल कन्सल्टन्सी, अकाउंटन्सी अशा ठरलेल्या व्यवसायांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, जिला सगळे ४४एडीए म्हणून ओळखतात. तिच्यात जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, आणि पैसे जवळजवळ सगळे बँकेतून येत असतील तर ७५ लाखांपर्यंत ही सोय मिळते. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत रेसिडेंटला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य आहे. म्हणजे या सोयीत बसणाऱ्याने वर्षाला २४ लाखांची बिलं केली, दुसरं काही उत्पन्न नाही, तर टॅक्स लागत नाही. त्याच्या वर गेलात तर ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत एकदम भरायचा. भाषांतर किंवा लेखन या यादीत बसतं का हे मात्र सीएकडून पक्कं करून घ्या. बाहेर बँक खातं उघडलंत की ते रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेत दाखवायचंच, त्यात दहा रुपये असले तरी. ते लपवण्याचा दंड फार मोठा आहे.

थायलंडच्या बाजूने, एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेली बाहेरची कमाई तिथे आणली की ती टॅक्सच्या कक्षेत येते. व्हिसाचे १८० दिवस एंट्रीपासून मोजतात आणि टॅक्सचे जानेवारीपासून, ही दोन मोजणी वेगवेगळी लिहून ठेवा.

निघण्याआधीचं बारीकसारीक

भारतीय सिम जिवंत ठेवा. बँक, आधार, इन्कम टॅक्स सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात, आणि सिम बंद पडलं की दुसरं मिळवायला स्वतः यावं लागतं. इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून मगच विमानात बसा, सोबत तिथलं ईसिम सुरू करा. दोन वेगळ्या बँकांची डेबिट कार्डं न्या आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधीच चालू करा. स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, त्यात दुचाकीचा प्रकार नोंदवलेला आहे ना ते बघा. परमिट नसताना अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स क्लेम नाकारतं, आणि थायलंडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलचं बिल छोटं नसतं.

घरच्यांशी बोलताना "मी फिरायला जातोय" या सुरात बोलू नका. दोन क्लायंटची काँट्रॅक्ट, सहा महिन्यांचा खर्च, मेडिक्लेमची कार्डं आणि परत यायचं झालं तर तिकिटाचे बाजूला ठेवलेले पैसे, हे सगळं आई-बाबांसमोर टेबलावर ठेवा. त्यांची काळजी खरी असते, आणि आकडे बघितले की ती थोडी तरी हलकी होते. फ्लॅट किंवा भाडेकरू असेल तर घरातल्या एखाद्याच्या नावे मर्यादित पॉवर ऑफ अॅटर्नी रजिस्टर करून ठेवा.

तिथे पोचल्यावर

थायलंडला पोचायच्या आधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. पहिला महिना हॉटेल किंवा महिन्याच्या बोलीची खोली घ्या, सहा महिन्यांचा करार बघितल्याशिवाय करू नका. चियांग माय स्वस्त आणि राहायला छान आहे पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्यामुळे हवा फार वाईट होते, दमा असेल तर तेवढे महिने दक्षिणेकडे किंवा घरी काढा. क्लायंटची वेळही बघा, लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे थायलंडमध्ये हिवाळ्यात दुपारचे चार, ते जमतं, पण न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे तिथे रात्रीचे नऊ, त्यामुळे रोज मीटिंग मागणारा अमेरिकन क्लायंट घ्यायच्या आधी विचार करा.

घरमालकाला टीएम३० ची नोंद करायला सांगा, तुम्ही राहायला आल्याची ती खबर असते आणि इमिग्रेशनच्या कामाला पुढे लागते. सलग ९० दिवस राहिलात तर पत्त्याचा रिपोर्ट द्यायचा. पासपोर्टवरच्या शिक्क्यात कुठल्या तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते विमानतळावरच वाचा, कारण ऑफिसरकडूनही तारीख चुकू शकते आणि काउंटरपाशीच ती दुरुस्त करून घेणं सोपं असतं. ती तारीख आणि तिच्या दहा दिवस आधीची, दोन्ही कॅलेंडरला टाका. ओव्हरस्टेला दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड आहे, आणि त्याची नोंद पुढच्या व्हिसाच्या वेळी समोर येते.